काकांचा फॉरमॅट

रत्नागिरीत डिजिटल छायाचित्रणाचे युग आमच्या शेजारच्या काकांनी आणले. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले काका मुलाने कुवेतहून पाठवलेला कॅमेरा गळ्यात अडकवून भेटेल त्याला मेगापिक्सेल समजावत. त्यामुळे बहिणीच्या लग्नात आम्ही दुसरा फोटोग्राफर बोलावलाच नाही.

पंगत बसली आणि कॅमेऱ्यातले कार्ड भरले. काकांनी बटणे दाबून पाहिली.

"हा विचारतोय, फॉरमॅट करू काय?"

"म्हणजे काय, काका?"

"अरे, अर्जाचा नसतो काय नमुना? तोच! सगळं कसं नमुन्यात हवं." त्यांनी 'यस' दाबले.

अंतरपाट, सप्तपदी, आईचे रडणे, सगळे पुसले गेले. बहिणीच्या हातातला घास हातातच राहिला.

पंगतीचे फोटो मात्र भरपूर निघाले. कार्डात आता जागा होती.