निकाल दाराबाहेर

येसाजीराव उस्तादांना लोक देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्या गरडीत तीस वर्षं घाम गाळलाय, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मलाही आहे.

गरडी म्हणजे आमच्या म्हैसूरकडची तालीम. ही नजरबादच्या मागच्या गल्लीत आहे, कौलारू, आत तूप, ताक आणि हळद मुरवलेली तांबडी माती. येसाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. मागे उरलं काय, तर अर्धी कानडी झालेली मराठी, ही गरडी आणि घराण्याचा एक पेच. समोरच्याच्या पाठीमागे जायचं, दोन्ही हात त्याच्या काखेतून वर घालायचे, मानेमागे बोटं गुंफायची आणि मान खाली दाबायची. उस्तादांनी हा पेच आमच्याकडून इतका घोटून घेतला की झोपेतसुद्धा हात तसेच वळायचे.

दुसरं त्यांचं व्रत. शिष्याची कुस्ती बघायला ते कधी गेले नाहीत. दसऱ्यात सगळं गाव कुस्त्यांना लोटायचं आणि हे गरडीत बसून माती चाळायचे. परत आलेल्याने पाया पडायचं, पण जिंकलो की हरलो ते सांगायचं नाही. "घाम आपला, फळ चामुंडीचं," म्हणायचे. "सगळं दिलंस ना? आयतु, बिडु." झालं, आता सोड. वर्षानुवर्षं हेच.

एकोणिसाव्या वर्षी मी दसऱ्याची कुस्ती जिंकलो. आयुष्यातली तेवढी एकच मोठी. गदा खांद्यावर टाकून धावत आलो, दारात तोंड उघडलं, तर उस्तादांनी हात वर केला. "शरत, ते बाहेर ठेव. पाय धू आणि माती खणायला घे." गदा पायरीवर पडून राहिली. त्यांनी तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. लोक याला वैराग्य म्हणतात. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे मी शाळेत व्यायामशिक्षक झालो, पण गरडी सुटली नाही. मुली कुस्ती शिकायला यायला लागल्या तेव्हा त्यांना स्पर्धेला न्यायचं काम माझ्याकडे आलं. उस्ताद थोडेच जाणार! पहिली मुलगी प्रार्थना. जत्रेतल्या मातीत कुणी काही विचारत नाही, पण स्पर्धा मॅटवर होती, आणि मॅटवर मुलींना तो मानेचा पेच बंद आहे. पंचाने शिट्टी मारली, समोरचीला गुण दिले, प्रार्थनेला ताकीद. तीन ताकिदी झाल्या की कुस्ती गेली. प्रार्थनेची गेली. गरडीत येऊन ती पाया पडली. "सगळं दिलंस ना?" "दिलं." "आयतु, बिडु."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पंचांचा नियम म्हणजे काही निकाल नव्हे. पण मी मूग गिळून बसलो. आधी उस्तादांच्या धाकाने, आणि नंतर, खोटं कशाला बोलू, मला त्यात गोडी वाटायला लागली. सत्तरीतला हा माणूस पहाटे उठून, जीव ओतून पोरींना हरायला शिकवतोय आणि ते त्याला ठाऊक नाही. तुम्हाला निकाल नको ना, उस्ताद? घ्या मग. नऊ वर्षांत सहा मुली अशा गेल्या. कुणी लग्न करून, कुणी नुसतीच.

सातवी त्यांची नात यशस्विनी. दिवसा अगरबत्तीच्या कारखान्यात पुडे भरायची आणि उरलेला जीव कुस्तीत. एकदा मॅटवर हरली आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत माझ्याकडे आली.

"काका, अज्जाला तुम्ही सांगा हो. मी बोलायला गेले की सुम्ने कूड म्हणून गप्प बसवतात. रोज सकाळी दीडशे वेळा तोच पेच करून घेतात. मॅटवर हात आपोआप तिकडेच जातात माझे."

"सांगतो," म्हणालो. आठ दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "सांगितलं गं. ऐकत नाहीत. घराण्याचा पेच आहे, नियम गेला खड्ड्यात म्हणाले."

मी अज्जाशी बोललोच नव्हतो. तिने मात्र विश्वास ठेवला. त्यानंतर दोन वर्षं ती सकाळी अज्जासमोर तो पेच घोटायची आणि संध्याकाळी मॅटवर तोच अंगातून काढायला धडपडायची.

गेल्या वर्षी राज्य संघाची निवडचाचणी झाली. संघात गेली तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी, आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. शेवटच्या कुस्तीत दोनदा तिचे हात मानेकडे गेले, दोन ताकिदी झाल्या. तरी पोरगी आठ-चारने पुढे. वीस सेकंद उरले असताना समोरचीची पाठ तिच्याकडे झाली. मी कोपऱ्यातून "सोड!" म्हणून ओरडलो. खरंच ओरडलो. पण तोवर बोटं गुंफली गेली होती.

शिट्टी झाली. यशस्विनी मॅटवर बसून आपल्याच हातांकडे बघत राहिली.

आम्ही गरडीत आलो. ती पाया पडली.

"सगळं दिलंस ना?"

"हौदु, अज्जा."

"आयतु, बिडु. उद्या पेच पुन्हा घेऊ. बोटं अजून घट्ट बसायला पाहिजेत."

ती मागच्या नळावर हात धुवायला गेली आणि माझा तोल सुटला. "बोटं घट्ट बसतात म्हणूनच हरली ती! मुलींना तो पेच बंद आहे, उस्ताद. पहिल्यापासून बंद आहे!"

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी एकेक नाव घेतलं.

"प्रार्थना?"

"हरली."

"चिदंबरची मुलगी?"

"हरली."

सगळ्या झाल्या. यशूचं नाव त्यांनी घेतलं नाही. भिंतीला धरून ते खाली मातीतच बसले. मी इतकी वर्षं वाट पाहिलेला तो क्षण समोर होता आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"मला दुसरे पेच येतात रे," ते म्हणाले. "पुष्कळ येतात. शिकवले असते. निकाल नको म्हणालो होतो मी. नियम सांगू नका, असं कधी म्हणालो? मला एकानेही सांगितलं नाही."

मागच्या दारात यशस्विनी उभी होती. हातांतून पाणी गळत होतं. तिने अज्जाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही सांगितलं होतंत ना?"

उस्तादांनीही मान वर केली. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या तोंडून काहीतरी ऐकायला थांबले होते.