ओहोटीआत्या

घड्याळ या वस्तूवर आत्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नागावच्या आमच्या घरात खोलीखोलीत घड्याळ आहे, कारण आम्ही पाहुणे ठेवतो आणि मुंबईच्या माणसाला नाश्ता नऊला म्हणजे नऊला लागतो. आत्यांचा दिवस मात्र दर्याचं पाणी मागे हटलं की सुरू व्हायचा, आणि पाणी रोज वेगळ्या वेळेला हटतं. या बाईंनी अख्ख्या घराला जो घोर लावला, तो आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

त्या ह्यांच्या सख्ख्या आत्या, थळच्या. हे न्यूमोनियातून उठले ते निम्मे होऊनच. पलंगावरून विहिरीपर्यंत जायचं तर मध्ये पायरीवर बसायचे. बोलताना वाक्य अर्ध्यात तुटायचं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, श्वासाचे व्यायाम करा, नीट खा. ह्यांनी मान डोलावली, फुंकायचं यंत्र कपाटावर टाकलं आणि बिस्किटांचा पुडा फोडला. माझं कोण ऐकतंय! रात्री शेजारी त्यांची घरघर ऐकत मी जागी पडायचे. शेवटी मीच आत्यांना बोलावून घेतलं. विकतचं दुखणं, दुसरं काय!

"चालायचं, श्वास घ्यायचा, पेज प्यायची. हाय काय त्यात?" असं म्हणत त्यांनी आल्या आल्या बिस्किटं शेजारच्या पोरांना वाटून टाकली. चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवरच. "सुक्या वाळूत पाय रुततो गो, सगळा श्वास तिथंच जातो." म्हणजे ओहोटीच हवी. अमावास्या-पौर्णिमेला ती पहाटे मिळायची, तिथवर ठीक. पण अष्टमीला भर दुपारी! मी दारातच आडवी आले. "अहो आत्या, माणूस उन्हात मारताय का?"

"दर्या तुझ्या घड्याळावर चालतो व्हय? पंचा भिजव नि बांध त्याच्या डोक्याला."

मग हे पुढे आणि आत्या मागे. लाट येताना नाकानं श्वास आत, परतताना तोंडानं हळूहळू बाहेर. चुकलं की पाठीत धपाटा. पन्नाशीच्या माणसाला!

आल्यावर गरम पेज. जाड्या तांदळाची, सोबत कुळथाचं कढण, बाईंची मर्जी असेल तर एखादा भाजलेला बोंबील. ती तिथी बघून शिजवायची कोणी? मी! इकडे पाहुण्यांचे पोहे, तिकडे पेज, आणि मध्ये मी. एकदा एका पाहुणीनं हौसेनं विचारलं, "आजींचा योगा किती वाजता असतो?"

"आज नवमी हाय. जेवणाआधी."

आणि ती बाई खरंच गेली हो, नवऱ्याला आणि पोरांना घेऊन! माझी तळलेली सुरमई ताटात गार पडली. त्या दिवसापासून गावानं त्यांना ओहोटीआत्या म्हणायला सुरुवात केली.

थंडी सरता सरता एक दिवस हे सुरूच्या बनापर्यंत जाऊन आले. वाटेत एकदाही बसले नाहीत. आले ते अंगणातूनच ओरडत, "आत्या, रोज रोज ही पेज मी काय म्हणून पिऊ? मला पाव पाहिजे, चहा पाहिजे, आणि उद्यापासून मला हाका मारायच्या नाहीत!" सगळं एका दमात. वाक्य कुठे म्हणून तुटलं नाही. मी चुलीपाशी उभी राहून घळाघळा रडले.

"रडतेस काय? पेज उतू चाललीय," आत्या म्हणाल्या.

मे महिन्यात त्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि लेकीनं त्यांना मुंबईला न्यायचं ठरवलं. मांडव्याच्या जेट्टीवर आत्यांनी चाकांच्या खुर्चीतूनही मला बजावलं, "त्याला सोडू नको हां." सुटले एकदाची, असं म्हणत मी घरी आले आणि घड्याळ बघून स्वयंपाक केला.

कसली सुटतेय! रोज फोन, तोही ऐन ओहोटीला. लेकीच्या खिडकीतून नुसत्या इमारती दिसायच्या, म्हणून हुकूम यायचा, "फोन पाण्याजवळ धर." हातातलं काम टाकून मी किनाऱ्यावर फोन धरून उभी, आणि येणारे-जाणारे हसतायत. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू यायचा, लाटेबरोबर आत, लाटेबरोबर बाहेर. मध्येच म्हणायच्या, "तू पण घे गो. वरवर घेतेस तू."

दिवाळीनंतर तो श्वास आखूड होत गेला. लाट परतायच्या आतच संपायचा. मी फोन पाण्याच्या आणखी जवळ धरायचे. मग एका चतुर्दशीला त्यांचा फोन आला नाही, लेकीचा आला.

आज अष्टमी आहे. पेज चुलीवर आहे. ह्यांना कंटाळा आलाय, ऊन फार आहे म्हणतात. भिजवलेला पंचा हातात घेऊन मी दारात उभी आहे आणि शेजारीपाजारी ऐकू जाईल अशी ओरडतेय, "उठा हो! दर्या काय तुमच्या घड्याळावर चालतो?"