घरच्या गाडीचा फुकट प्रवास

मंडळी, आजपासून माझी पोरगी भंडाऱ्याला नोकरीवर जाऊ लागली.

सकाळी शहापूरच्या घरासमोर मी मोटरसायकल पुसून तयार. म्हटलं, "ऑटो सीट भरल्याशिवाय निघत नाही, एसटीले तिकीट लागते. मीच सोडतो. घरची गाडी हाय, फुकट."

ती हसली. "बाबा, सगळ्यात महाग तुमचीच गाडी. मले सोडून तुम्ही रिकामे वापस येता, संध्याकाळी पुन्हा न्यायले येता. चार चकरांचं पेट्रोल जळते. एसटीत बायकांले अर्धं तिकीट हाय."

इतकी वर्षं तिला शाळा-कॉलेजात सोडलं, पण रिकाम्या चकरा कधी मोजल्याच नव्हत्या.

तिच्यासोबत चालतच हायवेच्या थांब्यावर गेलो, तिथं एसटी आली. ती चढली. शेजारच्या पानठेलेवाल्याने विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, "माझी पोरगी हाय. ऑफिसात चालली."

संध्याकाळी ती उतरली, तर मी गाडी घेऊन तिथंच उभा. घर तर चालत जाण्यासारखं.

"बाबा, हे कोणत्या हिशोबात?"

"बस मागं."

अन् सरळ रस्ता सोडून मी तिला अख्ख्या गावातून फिरवत घरी आणलं. आता तुम्हीच सांगा, हे पेट्रोल वाया गेलं का?