फुलांचा वास पाण्याच्या कपात

मंडळी, राहवत नाही म्हणून लिहिते.

आज दुपारी अमरावतीत घरीच दोन मैत्रिणींना कॉफी चाखायला बोलावलं होतं. केनियाची जांभळासारखी आंबट-तुरट, रवांडाची गुळाच्या चहाची आठवण करून देणारी आणि इथिओपियाची, जिला चक्क संत्र्याच्या फुलांचा वास. शेजारी चूळ भरायला एका कपात साधं कोमट पाणी.

बाबाही येऊन बसले. मोठ्या तापानंतर त्यांना कशाचाच वास येत नाही, फोडणी करपली तरी कळत नाही. तिन्ही कप चाखून म्हणाले, "मले तं सारं गरम पानीच लागते."

मग चूळ भरायला त्यांनी पाण्याचा कप उचलला आणि थबकले.

"काय वं पोरी, संत्रा फुलला काय?"

"बाबा, ते पाणी आहे."

त्यांनी ऐकलंच नाही. दाराकडे बघत हळूच म्हणाले, "तुही माय आली वाटते."

शेंदूरजनाघाटच्या आमच्या बगीच्यात बहार आला की आई केसांत संत्र्याची फुलं खोवायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

मी तो कप हुंगला. नुसतं पाणी. मग इथिओपियाचा कप नाकाशी धरला. मघाशी त्याच्याच वासानं खोली भरली होती. आता त्यात फुलाचा मागमूस नव्हता. मैत्रिणींनीही हुंगून पाहिला. त्यांनाही तो वास आला नाही.

कॉफी निवली की वास जातो, हे मला माहीत आहे. पण कपातून वाफ निघत होती.

बाबा पाण्याचा तो कप अजून खाली ठेवत नाहीत. तुम्हीच सांगा, वास जातो म्हणजे कुठे जातो?