सरोवरावरच्या गावी नेलेली पिशवी

कुवेतमध्ये चढ नाही. शर्कमधल्या बर्फाच्या कारखान्यातून बनेद अल-गारच्या खोलीवर पायी यायचं, तर वाटेत सगळ्यात उंच काय, तर फुटपाथ. म्हणून इटलीतल्या त्या डोंगरावरच्या गावात बसने सोडलं आणि जुन्या वेशीच्या कमानीतून दगडी गल्ली सरळ आभाळात चढताना दिसली, तेव्हा मी चक्क पळत सुटलो. कोट, टाय, हातात पिशवी, आणि मी पळतोय. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मशिदीकडे अशाच पायऱ्या आहेत, फक्त जांभ्याच्या. मी विसरलो होतो, पाय विसरले नव्हते.

वर धापा टाकत वळलो. खाली अख्खं सरोवर. आम्ही कुवेतमध्ये टँकरचं पाणी विकत घेणारी माणसं. एवढं गोडं पाणी नुसतंच पडलेलं पाहून मला हसूच आवरेना. गावात चिटपाखरू नव्हतं. एक मांजर तेवढं माझ्याकडे बघत होतं.

आणि हसता हसताच टोचलं. आय तिकडे गावी वाट बघतेय आणि मी इथे उड्या मारतोय. तीन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. एका वर्षी ओव्हरटाइम, एका वर्षी बढतीची आशा, आणि आता हे मिलानच्या कारखान्यातलं ट्रेनिंग. गावी जाणाऱ्या प्रत्येकाजवळ मी पिशवी देत असे आणि निरोपही: इन्शाअल्ला, पुढच्या साली. जितकं लांबत गेलं तितकं तिच्यासमोर उभं राहणं अवघड वाटू लागलं. खरं कारण एवढंच.

हातातली पिशवी कुवेतच्या कारखान्यातल्या आमच्या इटालियन फोरमनची होती. त्याची आई या गावात एकटी राहायची. "जमलं तर दे, नाहीतर पोस्टात टाक," तो म्हणाला होता. पोस्टात? आमच्यात पिशवी हातानेच पोचते. नेणाऱ्याने बसायचं, जेवायचं, माणूस कसा आहे ते सांगायचं. आणि पिशवी रिकामी परत जात नाही. ती भरून मिळेपर्यंत उठायचं नाही.

म्हातारीने दार उघडलं, पिशवीतले खजूर पाहिले आणि माझे दोन्ही गाल धरले. मला इटालियन येत नव्हतं. तिने खिडकीतून हाक मारली आणि शेजारचा टकला म्हातारा आला. मला नीट न्याहाळून तो गरजला, "बैठो! जल्दी बैठो!"

मी गारच. महायुद्धात इंग्रजांच्या हाती सापडून तो काही वर्षं हिंदुस्थानातल्या कैद्यांच्या छावणीत होता. भाषा तिथल्या पहारेकऱ्यांकडून शिकलेला, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य हुकूमच.

"इसका लडका ठीक है? मोटा है? सच बोलो!"

"बहोत मोटा है," मी म्हणालो. फोरमन काडीसारखा होता. पण असं सांगायचं असतं.

मग सूप आलं. सरोवरातला मासा आला. मासा चांगला होता, पण समुद्राची चव नसलेला. दारू आणि डुकराचं मांस मी हाताने नाकारलं, तर त्यांच्याऐवजी अंडी आली. चीज आलं. मी पिशवीची वाट बघत बसलो. मी बसलोय म्हणून ती वाढत राहिली, आणि ती वाढतेय म्हणून मी खात राहिलो. पट्ट्याचं बक्कल सैल केलं. शेवटची बस जवळ आली तेव्हा म्हाताऱ्याचा धीर सुटला.

"तुम जाता क्यों नहीं?"

"पिशवी," मी म्हणालो. "मा बेटे के लिए कुछ देगी, हम लेके जाएगा. खाली नहीं जाता."

त्याने तिला सांगितलं. ती आधी आ वासून पाहत राहिली, मग इतकी हसली की खुर्चीत बसली, आणि मीही हसत सुटलो, म्हातारा टेबलावर थापा मारू लागला. हसता हसताच तिने डोळे पुसले. अक्रोड, चीजचा गोळा, लोकरीचे मोजे, सगळं ती कोंबू लागली. मध्येच थांबून तिने काही विचारलं.

"तुम्हारा मा है? कब देखा?"

सच बोलो, असं या वेळी तो म्हणाला नाही. मी तीन बोटं वर केली.

ती आत गेली आणि अंजिराच्या मुरंब्याची बरणी फडक्यात बांधून घेऊन आली. माझ्या हातात ठेवून तिने माझी बोटं बरणीवर घट्ट मिटली.

"तुम्हारा मा का. तुम देगा. दूसरा आदमी नहीं!"

उतारावरून मी बरणी पोटाशी धरून धावलो. बस पकडली. भीती वाटत होती आणि गंमतही. आता पुढच्या सालीचा निरोप कोणाकडे देणार? ती बरणी हातानेच पोचायला हवी होती.

कुवेतला परतल्यावर फोरमनला पिशवी दिली आणि त्याच दिवशी रजा मागितली. मोज्यांत हात घालून बसलेला तो, नाही म्हणाला नाही.

बोटीवर ती बरणी माझ्या उशाशी होती. आमच्या अंगणात पोचलो तेव्हा पाठ करून आणलेल्या माफीतला एकही शब्द आठवेना. मी नुसती बरणी पुढे केली आणि कोणी दिली ते सांगितलं.

आयने माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं.

"उभा काय राहिलास, बस," ती म्हणाली. "जेव आधी. आणि त्या बाईचं फडकं दे इकडे. कोकम चालेल का तिला?"