एका दमाचा अनंत

वरातीतला क्लॅरोनेटवाला कुणाच्या लक्षात राहत नाही. नवरदेव राहतो, घोडी राहते, नाचता नाचता गटाराच्या झाकणावर आपटलेला मामा तर दोन पिढ्या राहतो. धायरीच्या अनंताचं मात्र तसं नव्हतं. सिंहगड रोडच्या लग्नांतून त्याला माणसं नावानं ओळखायची, आणि नावाच्या आधी एक शेपूट लावायची. एका दमाचा अनंत.

त्याला कारण होतं एक धून. नवरदेव मांडवाच्या दारात आला की बाकीचा बँड गप व्हायचा आणि अनंत एकटा पुढं यायचा. त्याच्या मास्तरांनी शिकवलेली जुनी, संथ चाल. शेवटाला एक वरचा सूर होता. करवल्या तांब्या घेऊन पुढं यायच्या, सासू भाकरतुकडा ओवाळायची आणि ती तो उजव्या-डाव्या बाजूला टाकेपर्यंत अनंत तो एकच सूर धरून उभा राहायचा. सासू हळू हाताची असली तर बघायलाच नको. म्हातारी माणसं म्हणायची, "फुप्फुसं हायत का भाता?" अनंत क्लॅरोनेट खाली घ्यायचा, टोपी सारखी करायचा आणि काही न बोलता मागं सरकायचा. ते न बोलणंसुद्धा त्याच्या नावात जमा झालं होतं.

त्याच्या डाव्या खांद्यामागं सोपान असायचा, दुसरा क्लॅरोनेटवाला. त्याच गल्लीत चार घरं सोडून राहणारा, वयानं दहा वर्षांनी धाकटा, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. साथीदाराला कोण काय म्हणणार?

बुधवार पेठेतल्या त्यांच्या बँडाला आता पूर्वीसारखी कामं नव्हती. अर्ध्या वराती डीजेनं खाल्ल्या होत्या. मधल्या दिवसांत अनंत आणि सोपान दोघं मिळून घरं रंगवायची कामं घेत. अशात एका संध्याकाळी पांढरी गाडी गल्लीत घुसली, मागं घ्यायला जागा नाही म्हणून तिथंच अडकली आणि तिच्यातून पियुषशेठ उतरला. भोसरीच्या नव्या बँडाचा मालक. तिशीचा पोरगा, दाढी कोरलेली, बोलण्यात निम्मं इंग्रजी.

"काका, परवा नांदेड फाट्याच्या लॉन्सवर तुमचं ऐकलं. एकदम सॉलिड. आमच्याकडं या."

अनंताची बायको हिरा चहा घेऊन आली आणि दाराशीच थांबली.

"आम्ही क्लॅरोनेट एकच ठेवतोय," पियुष म्हणाला. "बाकी ट्रंपेट, कीबोर्ड, सिंगर. पुढं तुम्ही एकटे, माईकवर. फक्त सिस्टीम प्रोफेशनल आहे. हजेरी दुकानात लागते, भोसरीला. ड्रेस तिथं, टेम्पो तिथून. काम कुठंही असो."

"धायरीत काम असलं तरी?"

"तरी."

"म्हंजे हितनं भोसरीला जायचं, टोपी घालायची, आन् वाजवायला धायरीला यायचं."

"करेक्ट."

"मग टोपी काढायला परत भोसरी."

हिरा पदरात हसली. पियुष हसला नाही. "नियम म्हणजे नियम, काका."

धायरी फाट्याचा सिग्नल, मग स्वारगेट, शिवाजीनगर, दापोडी, नाशिक फाटा. अनंतानं मनातल्या मनात सगळं पुणं ओलांडून पाहिलं आणि कप बशीत ठेवला. "लांब पडतं, शेठ. जमायचं न्हाय."

लांब पडत होतं हे खोटं नव्हतं. पण नाही म्हणण्याचं खरं कारण अंतर नव्हतं. ते होतं 'एकटे' हा शब्द. कारण तो वरचा सूर एका दमाचा कधीच नव्हता. सूर अर्ध्यावर आला, छातीत पोकळी पडायला लागली, की मागून सोपान हळूच तोच सूर लावायचा, इतका बेमालूम की सुईसुद्धा मध्ये जाऊ नये. अनंत ओठाच्या कोपऱ्यातून श्वास घ्यायचा, परत सुरावर यायचा आणि सोपान निघून जायचा. पुन्हा पोकळी पडली की पुन्हा सोपान. यावर दोघं आपसांत कधी बोलले नव्हते. हिरालाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत खुद्द अनंतालाही ते महिन्यातले बरेच दिवस आठवत नसे.

बँडवाल्यांत एक रीत आहे. बोलावणं आलं आणि नाही म्हणायचं असलं, तर माणूस देऊन नाही म्हणायचं. आलेल्याचे पाय रिकामे धाडायचे नाहीत. पियुषशेठ उठला आणि म्हणाला, "मग कुणी सांगा तरी."

अनंतानं थोडा विचार केला. चांगले दोघं-तिघं त्याला माहीत होते. ती नावं त्याच्या जिभेवर आली आणि त्यानं ती गिळली. "आमचा सोपान घेऊन जावा," तो म्हणाला. "साथीला बरा हाय."

'बरा' हा शब्द त्यानं असा उच्चारला की शहाण्यानं त्यातच काय ते समजावं. आठ दिवसांत हा परत येतोय, त्यानं हिशेब केला. मग शेठ पुन्हा गाडी गल्लीत अडकवंल.

सोपान गेला. आठ दिवसांनी आला नाही. पावसाळ्याआधीचा सगळा हंगाम गेला तरी आला नाही. दुपारी तो डबा आणि क्लॅरोनेटची पेटी घेऊन बससाठी निघायचा. "येतो दादा," असं दारावरून जाताना म्हणायचा. अनंत पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "जा. पोचंपर्यंत वरात संपायची."

"बसमधे झोप व्हती चांगली," सोपान म्हणायचा. त्यालाही आता बोलायला सुचायला लागलं होतं.

मग हिरानं गिरणीतून बातमी आणली. सोपानच्या बायकोनं दळण टाकता टाकता सांगितलं होतं, की ह्यांना शेठ मास्तर म्हणतात. मग हिराच्या मोबाईलवर कुणीतरी वरात पाठवली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढ्यात माईक आणि मध्ये सोपान. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. अनंतानं ते एकदा पाहिलं आणि म्हणाला, "कोट ढगळ हाय." हिरा स्वयंपाकघरात गेल्यावर त्यानं ते पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं मोबाईल कानाला लावला. सोपानचा सूर भरलेला होता. मागं राहून राहून अंगात साचलेलं सगळं तो आता सांडत होता, आणि सांडताना घाई करत नव्हता. अनंताच्या नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. माझ्याच खांद्यामागं उभा राहून ह्यानं हे चोरलं, त्याला वाटलं. आणि मी पाठ करून उभा, मला दिसणार कसं?

इकडं बुधवारच्या बँडात नवा साथीदार आला होता. माणूस गुणी, पण सूर लावायचा तो एकतर आधी नाहीतर नंतर. बिबवेवाडीच्या एका लग्नात, दारात, सासूचा हात नेमका हळू होता. अनंताच्या छातीतली हवा संपली, मागून काही आलं नाही, आणि सूर फाटला. मग दोघांनी एकदमच लावला, म्हणजे तो आणखीच फाटला.

"पत्ती खराब निघाली," क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पत्ती चाचपत अनंत म्हणाला.

बँडाचे म्हातारे मालक त्याच्याकडं न बघता म्हणाले, "असेल. चाळीस वर्षं त्याच दुकानातून आणतोय पत्त्या. आत्ताच खराब निघायला लागल्या. वयात आल्या असतील." आणि पुढच्या कामापासून ती धूनच काढून टाकली.

अनंत घरी आला आणि हिराच्या मोबाईलवर पुन्हा तीच वरात लावून बसला. हिरा म्हणाली, "जळकं वासतंय घरात. दूध उतू गेलं म्हणावं तर दूध तर फ्रीजमदी हाय."

दिवाळीनंतर त्याच्या चुलत भावाच्या मुलाचं, अभिनवचं, लग्न ठरलं. मुलगी धायरीतलीच. गावातल्या देवळापासून वरात निघणार आणि रस्त्यावरच्या लॉन्सवर जाणार. बँड ठरला होता भोसरीचा.

"भावकीत क्लॅरोनेटवाला असताना बँड भोसरीवरनं?" अनंतानं चुलत भावाला विचारलं.

"अरं, तू चुलता हायस नवरदेवाचा. फेटा बांध, नाच. का चुलत्यानंच वाजवायचं आन् चुलत्यानंच नाचायचं?" भाऊ म्हणाला. "आन् तुमचा सोपान हाय की त्यात. घरचाच माणूस."

लग्नाच्या दिवशी सकाळीच अनंतानं पाहिलं, सोपान पेटी घेऊन बसस्टॉपवर उभा. देवळापासून त्याचं घर हाकेच्या अंतरावर, आणि हा टोपी घालायला भोसरीला निघालेला. इतर कोणत्याही दिवशी अनंत ह्याच्यावर पोट धरून हसला असता. आज हसू आलं नाही. एवढं पुणं पालथं घालून जायला निघालेल्या माणसाच्या तोंडावर कंटाळा असायला हवा होता. तो नव्हता. तेच सकाळी सकाळी अनंताच्या छातीत बोचलं.

संध्याकाळी टेम्पोतून लाल कोट उतरले. वरात निघाली. अनंताच्या डोक्यावर फेटा, हातात काही नाही. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. त्यानं ते पाठीमागं बांधले, मग खिशात घातले. कुणीतरी नाचायला ओढलं तेव्हा दोन उड्या मारून तो बाजूला झाला. सोपान वाजवत होता आणि ओळखीची माणसं कोपरानं ढोसून सांगत होती, "आपला सोपान बघा." कालपर्यंत त्यांना सोपानचं आडनावही सांगता आलं नसतं.

लॉन्सची कमान दिसायला लागली तशी अनंताच्या मनातली गोष्ट पिकली. तो चुलत भावाच्या कानाशी गेला. "दारात माझी ती धून वाजवायला सांग. सोपानला येती."

"तुझी? मग तूच..."

"त्यालाच सांग. म्हणावं अनंतादादाची फर्माईश हाय."

आता कळंल, त्याला वाटलं. मागं कुणी नाही. विहीण, म्हणजे मुलीची आई, एकेका देवाला सत्तर नमस्कार करणारी, हळू हाताची. आता सगळ्या धायरीला कळंल बरा म्हंजे किती बरा.

निरोप पोचला. सोपाननं गर्दीवरून मान उंचावून अनंताला शोधलं. नजर भेटली. वाजवू का, असं त्यानं नुसत्या भुवयांनी विचारलं. अनंतानं फेट्याचा शेमला चाचपला आणि दुसरीकडं बघितलं.

बँड गप झाला. चाल सुरू झाली. मास्तरांचीच, एक जागा इकडची तिकडं नाही. सूर वर चढला आणि थांबला. विहिणीनं भाकरतुकडा हातात घेतला. अनंताची बोटं खिशात क्लॅरोनेटची भोकं शोधत होती. त्याच्या स्वतःच्या छातीत पोकळी पडायला लागली. आता. आता फाटतोय.

सोपाननं क्लॅरोनेट ओठापासून काढलं. सावकाश. लपवाछपवी काही नाही. सगळ्यांच्या देखत छातीभर श्वास घेतला, विहिणीच्या हाताकडं बघितलं आणि जिथं सोडला होता तिथूनच सूर उचलला. मधला तो निःशब्द तुकडा असा पडला, की जणू मास्तरांनीच तिथं ठेवला होता. विहिणीनं तुकडा उजवीकडं टाकला, डावीकडं टाकला. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मागच्या एका बाईनं डोळे पुसले.

कुणाला काही खटकलं नाही. अनंतानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कुणीसुद्धा दम मोजत नव्हतं.

जेवणं उरकायच्या आधी बँड परत निघाला. सोपान टोपी काखेत धरून त्याच्याकडं आला. "दादा, दम घ्यावा लागला मला."

"दिसलं."

"सगळ्यांला?"

"मला."

"मग बरं." सोपाननं घाम पुसला. "शेठला म्या पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, ही धून एकट्याची न्हाय, दोघांची हाय. ते म्हणलं, मग श्वास घे की, कोण मोजतंय."

अनंताचा चेहरा उतरला. "सांगितलंस?"

"तुमचं नाव न्हाय घेतलं." सोपान थोडा घुटमळला. "तुमी का न्हाय घेतला दादा कधी? घ्यायचा की उघड. मी असलो तरी."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला आणि सोपान टोपी जमा करायला भोसरीला गेला.

अनंत त्या रात्री लग्नाचं जेवण जेवला नाही. घरी येऊन पिठलं-भात खाल्ला आणि झोपला. सकाळी हिरा गच्चीवर धुणं वाळत घालायला गेली, तर हा पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून ती धून वाजवत होता. वरच्या सुरावर आला. क्लॅरोनेट ओठापासून काढलं, श्वास घेतला, पुन्हा लावलं. सूर बरोबर लागला. तरी त्यानं मान झटकली. पुन्हा पहिल्यापासून. श्वास घेतला, लावलं. पुन्हा मान झटकली. सोपानचा श्वास कसा चालीत मांडी घालून बसला होता. ह्याचा आगंतुक पाहुण्यासारखा मध्येच दारात उभा राहत होता.

हिरानं चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली. "सकाळधरनं तेच काय लावलंय? चांगलं तर वाजतंय."

"वाजतंय," अनंत म्हणाला. "त्यानं घेतला तसा दम येत न्हाय."

"आता दमाचाबी मत्सर?"

त्यानं पत्ती जिभेनं ओली केली. "दम चांगला घेतो गं तो. मेला लई चांगला घेतो." आणि तो पुन्हा पहिल्यापासून लागला.