पेडात पेड

शिडं शिवणाऱ्या रोझीमावशी नसत्या, तर होड्यांच्या कारखान्याच्या मालकांनी मला त्याच दिवशी गावाकडच्या एसटीत बसवलं असतं. शर्यतीच्या छोट्या होडीचं शीड चढवायला नवी, हलकी दोरी आणली होती, आणि मी ती हातभर आखूड कापली. आठवीतून शाळा सोडून घाटावरून आलेला मी. तुकडा गाठीनं जोडायला लागलो, तर मावशी हसल्या, "अरे घाट्या, हा बैलाचा कासरा नव्हे! गाठ कप्पीत अडकते." त्यांनी दोन्हीकडचे पेड उलगडले आणि वेणी घालावी तसे एकमेकांत गुंफले. बोटाला जोड सापडेना. शीड सरसर वर गेलं. परक्या गावात माणसालाही कुणी असंच विणून घेतं, गाठ न दिसता. मावशी मात्र जन्मभर खाडीच्या काठावरच शिडं शिवत बसल्यात, होडीत कधी चढल्या नाहीत. एक दिवस याच दोरीनं शीड चढवून त्यांना खाडीपार नेईन.